परड्यातली दगडी वाट

गगनबावड्याला पाऊस वरून पडतो तसा बाजूनंही येतो. कोकणातून चढलेले ढग करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी पोचतात आणि थेट गावात शिरतात. मग छपराखालच्या भिंतीसुद्धा झडीनं भिजतात. इथला वर्षाचा पाऊस बऱ्याच साली पाच हजार मिलिमीटरची रेघ ओलांडतो. याच कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेला शिरोळकडं पाचशे-सहाशे मिलिमीटरवर साल निघतं. मृगापासून हस्तापर्यंत मागचं दार उघडलं की समोर लाल राडा असतो, आणि त्या राड्यातूनच गोठ्यात जायचं असतं, धुण्याच्या दगडाकडं जायचं असतं, उकिरड्यावर शेणाची बुट्टी रिकामी करायची असते. दिवसातून किती खेपा होतात ते घरातल्या बाईलाच माहीत. या खेपांसाठी लोकांनी फार पूर्वीपासून एक साधी सोय केली आहे. पाऊलभर अंतरानं सपाट दगड जमिनीत बसवायचे आणि त्यांच्यावरून चालायचं.

ही पुस्तिका त्या दगडांविषयी आहे. बागकामाच्या धंद्यात त्यांना हल्ली 'स्टेपिंग स्टोन' म्हणतात. नर्सरीत साच्यातून काढलेल्या सिमेंटच्या गोल चकत्या मिळतात, त्यांवर पानाफुलांचे ठसे असतात, आणि फार्महाऊसच्या हिरवळीत त्या छान दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या चकत्या पाहून वाट म्हणजे परड्याची सजावट असा समज होतो, तो मला दूर करायचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर सुट्या दगडांची वाट ही आधी पाण्याची व्यवस्था आहे, मग पायांची, आणि या दोन्ही गोष्टी नीट जमल्या की ती आपसूक देखणी होते. पुढची सगळी प्रकरणं याच क्रमानं लावली आहेत.

पाण्यापासून सुरुवात का, ते एका हिशेबावरून कळेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. जुलैत गगनबावड्याला दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस पडणं ही नवलाची गोष्ट नाही. त्या दिवशी या एका छपरावरून साडेअठरा हजार लिटर पाणी खाली येतं. दुपाखी घर असेल तर त्यातलं निम्मं, म्हणजे सव्वानऊ हजार लिटर, मागच्या वळचणीला पडतं. परड्यावर थेट पडणारा पाऊस वेगळाच. एवढं पाणी कुठून तरी जाणार. त्याला जाण्याची वाट तुम्ही ठरवली नाही तर ते स्वतः ठरवतं, आणि बहुतेक वेळा ती घराच्या पायालगत किंवा शेजाऱ्याच्या भिंतीखालून असते.

हे पाणी आणि हा राडा टाळायचा म्हणून गेल्या काही वर्षांत सरसकट कोबा करायची किंवा पेव्हर ब्लॉक बसवायची पद्धत गावोगाव आली. ती का आली हे मला समजतं. चिखलानं कंटाळलेल्या माणसाला सिमेंटची सलग जमीन सुखाची वाटते, आणि भात वाळवायला, गाडी लावायला पुढचं अंगण पक्कं असावं हेही मान्य. पण मागच्या परड्यात, जिथं जमीन थोडी उतरती असते, तिथं उताराला आडवी पडलेली सलग पट्टी बांधासारखं वागते. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला काठ उकरला जातो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पट्टीच्या खालची माती निघून ती अधांतरी राहते. मग तडा जातो. सुट्या दगडांमध्ये मोकळी जागा असते, तिच्यातून पाणी पसरून, हळू होऊन निघून जातं. दीड फूट बाय दीड फुटाचे तीस दगड दोन-दोन फुटांवर बसवले तर साठ फुटांची वाट होते आणि त्यात जमीन झाकली जाते जेमतेम ६८ चौरस फूट. तीच वाट तीन फूट रुंदीची सलग केली तर १८० चौरस फूट जमीन बंद होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण बागकामावरच्या लिखाणात ती अनेकदा गुळमुळीत ठेवतात. मोकळी माती पाणी मुरवते हे वळवाच्या पावसात खरं आहे, परतीच्या पावसातही खरं आहे. तरणा आणि म्हातारा पाऊस लागला, म्हणजे पुनर्वसू-पुष्याच्या दिवसांत, गगनबावड्याची जमीन काठोकाठ भरलेली असते. त्या वेळी ती आणखी काही पिऊ शकत नाही. तेव्हा दगडांमधल्या फटींचं काम पाणी मुरवणं हे नसतं, त्याला अडवायचं नाही हे असतं. म्हणून या भागात नुसते दगड टाकून भागत नाही. वाटेच्या वरच्या अंगानं एक उथळ चर लागतोच, आणि तो चर कुठं सोडायचा याचा विचार पहिल्या दगडाच्या आधी करावा लागतो. परड्यातल्या एवढ्याशा कामानं पूर थांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. याच तालुक्यात उगवणारी कुंभी पुढं जाऊन पंचगंगेला मिळते. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापुरानं जे पाणी पाहिलं, त्याची कारणं एका घराच्या मागच्या दारापेक्षा फार मोठी आहेत. आपल्या हातात आपला पाया, आपली माती आणि शेजाऱ्याशी सलोखा एवढं आहे, आणि तेही थोडं नाही.

आता दगड. या बाबतीत गगनबावडा श्रीमंत आहे, कारण इथं दोन जातींचे दगड आहेत आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. खाली आहे काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून झालेला. त्याच्या माथ्यावर, पठारांवर, जांभा. हा दुसरा कुठून आलेला नाही, पहिल्यापासूनच झाला. उष्णता आणि भरपूर पाऊस यांनी काळ्या दगडातली सिलिका लाखो वर्षं धुऊन नेली, मागं लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली, म्हणून तो लाल आणि सच्छिद्र. ज्या पावसाशी आपण परड्यात झुंजतो, तसल्याच पावसानं हा दगड घडवला आहे.

काळा पाषाण जड, घट्ट आणि पातळ असूनही टिकणारा. दीड फुटी चौकोनी, दोन इंच जाडीची फरशी तीस किलोच्या आसपास भरते आणि माणसाच्या वजनाला पुरते. पण त्याचा तोंडवळा गुळगुळीत असेल तर ओल्यात तो घात करतो. पॉलिश केलेली फरशी, शहाबादीचे उरलेले तुकडे, टाइल, हे काही बाहेर पाय ठेवायला वापरू नये. चालण्याच्या दगडाला टाकी लावलेली असावी. जात्याला टाकी लावणारे कारागीर आता कमी राहिले, पण दगडकाम करणाऱ्या कुणाकडूनही हे काम होतं. छिन्नीचे बारीक घाव, फार खोल नाहीत, वाटेच्या दिशेला आडवे. खोल घाव घातले की त्यात माती बसते आणि शेवाळाला घर मिळतं.

जांभ्याला टाकीची गरज नाही. त्याच्या भोकांमुळे तळव्याला आणि चपलेला धरायला जागा मिळते, पाणीही त्याच्या अंगात काही अंशी शिरतं. पण तो पातळ चालत नाही. चार-पाच इंचांपेक्षा कमी जाडीचा जांभा कडेनं झडतो, आणि मधोमध भार पडला की मोडतो. चिरेखाणीतून नुकता काढलेला चिरा त्या मानानं मऊ असतो आणि हवा लागेल तसा कडक होत जातो, म्हणून जुने गवंडी चिरा आणल्या आणल्या लावत नसत, उघड्यावर पडू देत. वाटेसाठीही हाच नियम पाळावा. दाट सावलीत, फणसाखाली किंवा घराच्या उत्तरेला, जांभ्यावर शेवाळ लवकर धरतं. तिथं मी काळा, टाकी लावलेला दगड घेईन, आणि उन्हाच्या बाजूला जांभा. दोन्ही एकाच वाटेत आले तर वाईट दिसतं असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. या गावाखाली ते दोघं एकमेकांवर निजलेले आहेतच.

दगड आणायचा कुठून, या प्रश्नावर मात्र मी कठोर आहे. गगनबावड्याच्या आसपासच्या पठारांवर, मोरजाईसारख्या माळांवर, सपाट सुटे दगड पडलेले दिसतात आणि ते उचलून आणणं सगळ्यात सोपं वाटतं. ते उचलू नयेत. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या सड्यांवर अशा सुट्या दगडांच्या खाली एक आख्खी वस्ती असते. पाली, विंचू, बेडूक आणि देवगांडूळ त्या ओलसर सावलीवर जगतात. जांभ्याच्या सड्यावरच राहणारी, पाठीवर पांढुरके पट्टे असलेली एक छोटी पाल रत्नागिरी जिल्ह्यातून १९६३ साली शास्त्राला प्रथम माहीत झाली. ती दिवसा सुट्या दगडाखालीच असते. तिच्यासाठी तो दगड म्हणजे घर. ओढ्यातल्या दगडांचंही तेच, त्यांच्या खाली मासे अंडी घालतात, खेकडे राहतात. आपल्याला चिरेखाणीतले तुकडे चालतात, पडक्या घराचा जोता चालतो, गवंड्याकडं उरलेला माल चालतो. परड्याला तीस-चाळीस दगडच लागतात. ते मागून मिळतात.

पडक्या जागेचा दगड घेताना तो आधी उलटून पाहावा. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव वीरगळ आहेत. देवळाच्या पडझडीतले कोरीव तुकडेही आहेत, आणि त्यातले कितीतरी आज पालथे पडून धुण्याचा दगड, पायरी, गोठ्याचा उंबरा म्हणून झिजत आहेत. हे कुणी मुद्दाम करत नाही, वरची बाजू सपाट असते एवढंच. पण ज्या दगडावर लढून पडलेला माणूस कोरला आहे त्याच्या पाठीवर पाय देऊन शेण टाकायला जायचं, हे कळल्यावर कुणालाच आवडणार नाही. कोरीव काही दिसलं तर दगड होता तिथंच सरळ उभा करावा आणि ग्रामपंचायतीला सांगावं. जुनी जाती आणि पाटे वाटेत बसवायची टूम रिसॉर्टवाल्यांनी काढली आहे. ज्या दगडानं घराला पीठ दिलं त्यावर आपल्या आज्ज्यांनी कधी पाय दिला नाही, आणि जात्याची तळी वरून घासून इतकी गुळगुळीत झालेली असते की पावसात ती धोक्याचीही आहे. तुळशीकडेला ठेवा, शोभेल.

दगड घडवण्याची आणि त्यातून वाट काढण्याची समज या खोऱ्यात किती जुनी आहे, ते पाहायचं तर पळसंब्याला जावं. गगनबावडा तालुक्यातल्या या गावाजवळ, रामलिंगापाशी, ओढ्यातच अखंड खडकातून कोरून काढलेली लहान लहान देवळं उभी आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांनी वाहतं पाणी वळवलं नाही, त्याच्या कडेनं आणि त्याच्या मध्ये आपलं काम बसवलं. पावसाळ्यात पाणी त्यांना वळसा घालून जातं. परड्यातल्या दगडाकडून मला तेवढंच हवं आहे, म्हणून हे ठिकाण मी वाट करणाऱ्या प्रत्येकाला पाहायला सांगतो.

बावड्याचं आणि परड्याचं आणखी एक नातं आहे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेलं १७१५ सालचं 'आज्ञापत्र' राजनीतीचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचताना मला दरवेळी नवल वाटतं ते त्यातल्या बारकाईचं. गड बांधण्याआधी पाणी पाहा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, हे तर आहेच. शिवाय गडावरचा केर खाली न फेकता जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात टाकावी आणि घरोघरी होईल तितका भाजीपाला करावा, असंही त्यात सांगितलं आहे. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या माणसाला परसातली राख आणि भाजी महत्त्वाची वाटली. परड्याच्या वाटेवर एवढं लिहिताना मला त्या प्रकरणाचा मोठा आधार वाटतो.

घाट उतरून कोकणात गेलं की दगडी वाटेचं दुसरं रूप दिसतं, पाखाडी. चिऱ्यांच्या रुंद, सलग पायऱ्या, वाडीतून वाडीत, देवळातून नदीवर. पाखाडी साऱ्या वाडीची, तिच्यावरून पालखी जाते, सामान जातं, म्हणून ती सलग आणि रुंद लागते. परड्यातली वाट एकेका पावलाची. उतार मोठा असला तर परड्यातही पाखाडीसारख्या पायऱ्याच कराव्यात, उतारावर सुटे दगड घालायचा हट्ट धरू नये. चालताना टाच वर आणि चवडा खाली असा पाय पडायला लागला की तिथं पायरी हवी, एवढी खूण पुरते.

जगात इतरत्र या कामाचा सर्वांत खोल विचार जपानी लोकांनी केला. चहाच्या कुटीकडं जाणाऱ्या बागेत ते जे दगड बसवतात त्यांना तोबिइशी म्हणतात. सोळाव्या शतकातले चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांच्याविषयी असं सांगतात, की दगड मांडताना सहा भाग चालण्याचा विचार करावा आणि चार भाग दिसण्याचा, असं त्यांचं मत होतं. त्यांचे शिष्य फुरुता ओरिबे यांनी हे प्रमाण उलटं केलं. दगड जवळ-जवळ आले की माणूस हळू चालतो, खाली पाहतो. एखादा मोठा दगड आला की थांबतो, मान वर करतो, आणि नेमकं तिथून काय दिसावं ते माळ्यानं ठरवलेलं असतं. ज्या फाट्यानं जायचं नाही तिथं दोरीनं बांधलेला एक छोटा धोंडा ठेवलेला असतो, पाहुणा तो ओलांडत नाही. क्योतोच्या हेइआन मंदिराच्या बागेत तर जुन्या पुलांचे दगडी खांब तळ्यात उभे करून पाण्यावरची वाट केली आहे. जपानी बागेची रीत जवळून पाहायची तर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पण क्योतोचा वर्षभराचा पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढा गगनबावड्याला एकटा जुलै देऊन जातो. म्हणून तिकडचं सगळं इकडं चालत नाही. रिक्यूंचं प्रमाण मात्र मी घेतो, आणि इथल्या पावसासाठी चालण्याच्या बाजूला आणखी दोन भाग टाकतो.

रोमन लोकांचं गणित त्या मानानं आपल्या जवळचं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या रस्त्यांत उंच ठोकळे आडवे बसवलेले आजही दिसतात. रस्त्यावरून सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहायचं, माणसं ठोकळ्यांवरून पलीकडं जायची, आणि ठोकळ्यांमधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची. एकाच जागेतून पाणी, गाडी आणि माणूस, कुणी कुणाला अडवत नाही.

पायांचं माप हा या पुस्तिकेचा सर्वांत लांबलेला भाग आहे, आणि तो लांबू दिला आहे. पुस्तकांत दोन दगडांच्या मध्यांमधलं अंतर दोन फूट दिलेलं असतं. ते मोकळ्या हातांनी, दिवसाउजेडी चालणाऱ्या, उंच्यापुऱ्या माणसाचं. परड्यातून जास्तीत जास्त कोण चालतं? नेसलेली बाई, कमरेवर घागर किंवा डोक्यावर बुट्टी घेऊन. तिचं पाऊल अठरा-वीस इंचांवर पडतं. एका घरी काम चालू असताना मी बाजूला उभा होतो. तिथला तरुण गवंडी लांबट दगड वाटेच्या दिशेनं उभे लावत होता, तसे ते नेटके दिसत होते. घरातली आज्जी सोप्यातून उठून आली आणि म्हणाली, "आडवा घाल की रं पोरा. डोक्यावर शेणाची बुट्टी असली की खाली बघता येत न्हाई, पाय अंदाजानं पडतोय." त्यानं दगड फिरवले. आडव्या दगडावर पाऊल चार बोटं इकडं-तिकडं पडलं तरी पडतं दगडावरच. एवढ्या एका वाक्यात जे आहे ते मला कुठल्याही छापील आकृतीत सापडलं नव्हतं.

म्हणून माप घ्यायची रीत अशी. वळवाचा एखादा पाऊस पडून जमीन मऊ झाली की घरात सर्वांत जास्त वावरणारीला, आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, नेहमीचं ओझं घेऊन नेहमीसारखं चालायला सांगायचं. 'वाटेवरून चाला' असं सांगू नये, 'गोठ्यात जाऊन या' म्हणावं. उमटलेल्या पावलांवर राख टाकायची. दोघांची पावलं जुळत नसतील तर लहान पावलाचं माप घ्यायचं, मोठं पाऊल लहान करता येतं. राखेच्या खुणा सरळ रेषेत येत नाहीत, फणसाला वळसा घालून, शेवग्याच्या अलीकडून जातात. वाट तशीच ठेवावी. दोरी लावून सरळ केलेल्या वाटेच्या शेजारी महिन्याभरात पायानं मळलेली दुसरी वाट पडते, आणि दगड रिकामे राहतात.

बसवण्याचं काम पुढच्या प्रकरणांत आकृत्यांसह आहे, इथं थोडक्यात. दगडाच्या जाडीपेक्षा तीन इंच खोल खड्डा, तळाला धुम्मस देऊन घट्ट केलेली माती, त्यावर बारीक खडी आणि कच यांचा थर. नुसती वाळू नको, इथल्या पावसात ती खालून वाहून जाते. सिमेंटही नको. पहिल्या पावसाळ्यात काही दगड बसणार, काही तिरके होणार, आणि सिमेंट नसेल तर ते पहारीनं उचलून पुन्हा बसवता येतात. दगड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इंचभर वर ठेवावा आणि दोन फुटांत अर्धा इंच एवढा उतार पाण्याच्या दिशेनं द्यावा. पाणसळ नसेल तर दगडावर तांब्याभर पाणी ओतून पाहावं, साचलं तर चुकलं. मग दगडावर उभं राहून भार या पायावरून त्या पायावर टाकावा. किंचितही डुगडुगला तर काढून पुन्हा बसवावा. दगडाखाली पोकळी राहिली तर तो हलतो आणि पुढं तिथं विंचू राहायला येतो. पागोळ्यांच्या रेषेवर दगड बसवू नये. तिथं पाणी एकाच जागी पडून खळगा करतं, म्हणून त्या रेषेत जाड खडीचा पट्टा द्यावा आणि पहिला दगड त्याच्या पलीकडं घ्यावा. वाट जिथं फुटते, एक धुण्याच्या दगडाकडं आणि एक गोठ्याकडं, तिथं दोन्ही पाय मावतील असा मोठा दगड हवा, ओझं घेऊन वळताना तिथं क्षणभर थांबावं लागतं.

फटींत काय लावायचं याचा फार विचार करायची गरज नाही. हरळी स्वतःच येते आणि माती धरून ठेवते. ओलसर बाजूला ब्राह्मी पसरते, तिला चटणीत घालता येतं. धुण्याचं पाणी जिथं उतरतं तिथं अळू असतंच, वाट त्याच्यापासून हातभर लांब ठेवावी, म्हणजे पानं पोटरीला लागत नाहीत आणि गवतातलं काही दिसल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यात दगडांच्या दोन्ही अंगाचं गवत घोट्याच्या खाली कापलेलं असलंच पाहिजे. ही शोभेची सूचना नाही, साप आणि जळवा दोन्हींसाठी आहे. शेवाळ धरलं तर काथ्यानं आणि राखेनं घासावं. ब्लीचिंग पावडर टाकली तर दगड पांढरा होतो, पण ते पाणी तुळशीच्या आणि भाजीच्या मुळाशी जातं.

ही वाट सगळ्यांसाठी नाही, हेही प्रस्तावनेतच सांगून ठेवतो. घरात कुणी काठी किंवा वॉकर घेऊन चालत असेल, चाकाची खुर्ची असेल, तर संडास-न्हाणीपर्यंतची वाट सलग, खडबडीत आणि कठडा असलेलीच हवी. तिथं पाण्यासाठी खालून पाइप घालता येतो. सुट्या दगडांची हौस तिथं कुणाच्या तरी हाडाच्या किमतीवर होईल. मोटारसायकल जिथून न्यायची तिथंही हे दगड टिकत नाहीत.

काम सुरू करायचा काळ दिवाळीनंतरचा. जमिनीत ओल असते, खोदायला ती सोपी असते, आणि पुढचे सहा महिने दगड बसायला मिळतात. मे महिन्यात वळीव आला की पाणी कसं वाहतं ते दारात उभं राहून पाहावं आणि मृगाच्या आत दुरुस्ती आटपावी. ज्यांनी परडं आधीच कोब्यानं बंद केलं आहे त्यांनी सगळं उखडायची घाई करू नये. उताराला आडव्या येणाऱ्या पट्टीतून दर दोन फुटांवर हातभर रुंदीचा तुकडा कापून काढावा आणि तिथं खडी भरावी. उरलेले काँक्रीटचे तुकडेच तुमचे दगड होतात. त्या कापलेल्या जागा किती आणि कुठं ठेवायच्या, याचं एक वेगळं प्रकरण शेवटी जोडलं आहे. ज्यांच्या घरात पावसाचं पाणी यंदा भिंतीला लागलं असेल त्यांनी तेच आधी वाचावं.